घड्याळाला उजाळा : किती वेळा आणि कशासाठी?

लग्नसराई जवळ आली की सराफाच्या पेढीवर नवे दागिने घेणाऱ्यांइतकीच घरातले जुने दागिने उजळून घेणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. रिठ्याच्या पाण्यात बुडवून, मऊ ब्रशने घासून, कोरड्या फडक्याने टिपून तोच जुना गोफ जेव्हा परत समोर येतो, तेव्हा तो नव्याने हाती पडल्याचा आनंद होतो. दिवाळीत पितळेची समई चिंचेने घासावी, तांब्याचा बंब लखलखीत करावा, भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई करून घ्यावी, हे संस्कार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वस्तू चकचकीत ठेवणे म्हणजेच तिची निगा राखणे, असे समीकरण त्यातून मनात पक्के झाले आहे. पुढे मनगटावर एखादे मौल्यवान घड्याळ आले, की हेच समीकरण आपण त्यालाही लावतो. "वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यावे ना?" हा प्रश्न घड्याळांच्या दुकानात हमखास ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याला 'होय' हेच उत्तर अपेक्षित असते.

उत्तर मात्र 'नाही' असे आहे. रिठ्याच्या पाण्याने दागिन्यावरचा मळ जातो, सोने जागच्या जागी राहते. कल्हईने तर भांड्यावर कथिलाचा नवा थर चढतो. घड्याळाचे पॉलिश या दोहोंहून निराळे आहे. त्यात घड्याळाच्या कवचाचा वरचा थरच घासून काढला जातो, आणि एकदा गेलेला तो थर परत येत नाही. ज्या खात्यात भरणा करण्याची सोयच नाही, केवळ रक्कम काढता येते, अशा खात्यासारखी ही स्थिती आहे. तेव्हा किती महिन्यांनी पॉलिश करावे असे विचारण्यापेक्षा, या घड्याळाच्या उभ्या आयुष्यात ते किती वेळा परवडेल असे विचारणे अधिक योग्य ठरेल.

ओरखडा जातो कुठे?

ओरखडा म्हणजे धातूवर पडलेली एक सूक्ष्म खाच. ती भरून काढणे पॉलिशला जमत नाही. कारागीर खाचेच्या भोवतालचा सारा धातू खाचेच्या तळापर्यंत खाली आणतो आणि भोवताल खाली आला की खाच दिसेनाशी होते. फळीवरचा एक खड्डा घालवण्यासाठी सुतार सबंध फळीवर रंधा मारतो, तसाच हा प्रकार. रोजच्या वापरातले केसासारखे ओरखडे अवघे काही मायक्रॉन खोल असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढा धातू एखादे वेळी गेल्याने पोलादी घड्याळाचे मोठेसे नुकसान होत नाही. परंतु दाराच्या चौकटीवर आपटून पडलेला खोल पोचा घालवण्याचा हट्ट धरला, तर त्या एका पोच्यापायी सबंध बाजू उतरवावी लागते.

खरा घात होतो तो कडांचा. पॉलिशचे चाक कापडाचे असते. ते वेगाने फिरत असते आणि त्याला घासणाऱ्या चूर्णाचा मेणासारखा लेप दिलेला असतो. चाक मऊ असल्याने ते सपाट भागावर जसे टेकते तसेच कडेवरून पलीकडेही वळते, आणि कड दोन्ही अंगांनी घासली जाते. सपाट भागाला जेवढी झीज लागते त्याच्या कितीतरी पट ती कडेला लागते. पट्टा अडकवण्याची चार टोके, ज्यांना घड्याळजी 'लग' म्हणतात, ती बारीक आणि गोलसर होत जातात. लगला आरपार भोके असली तर त्यांची तोंडे पसरट होतात. दहा-बारा वेळा पॉलिश झालेले घड्याळ हातात घेतले की वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीची आठवण येते. चमक भरपूर असते, आकार मात्र हरवलेला असतो.

आकार हरवला तर एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. उंची घड्याळांच्या बाबतीत आपण पैसे मोजतो त्यातला मोठा वाटा या आकारासाठीच असतो. १९७२ साली ओदेमार पिगे या स्विस कंपनीने जेराल्ड जेंता यांनी रेखाटलेले 'रॉयल ओक' हे घड्याळ बाजारात आणले. ते पोलादाचे होते, तरी त्याची किंमत ३,३०० स्विस फ्रँक, म्हणजे सोन्याच्या घड्याळाच्या तोडीची ठेवली होती. त्यात विशेष काय होते? काचेभोवतीची अष्टकोनी चौकट, तिच्यावरचे आठ स्क्रू, पृष्ठभागावर एकाच दिशेने ओढलेल्या बारीक रेघा आणि दोन रेघाळ पृष्ठभागांच्या मधोमध तिरपी छाटलेली, आरशासारखी चकाकणारी कड. मंद आणि तेजस्वी यांचा तो खेळ हेच त्या घड्याळाचे सौंदर्य. जपानमध्ये सेको कंपनीने १९६७ साली काढलेल्या 'ग्रँड सेको' मालिकेतील ४४जीएस या घड्याळाचेही तसेच. तेथे फिरत्या चकतीच्या सपाट अंगावर कवच टेकवून 'झरात्सु' नावाच्या पद्धतीने पृष्ठभाग असे सपाट केले जातात की त्यांत उमटणारे प्रतिबिंब तसूभरही वाकडे दिसू नये. ज्या कारागिराकडे केवळ कापडी चाक आहे, त्याच्याकडे असे घड्याळ दिले तर रेघा पुसल्या जातात, कडा वितळल्यासारख्या होतात आणि परत मिळते ते सर्वांगी चकचकीत, परंतु सपक घड्याळ.

सोन्याच्या घड्याळाला तर हा हिशेब सरळ वजनात मांडता येतो. घड्याळांना वापरले जाणारे १८ कॅरेट सोने एका घन सेंटिमीटरला साधारण साडेपंधरा ग्रॅम भरते. सोन्याच्याच पट्ट्याच्या एखाद्या घड्याळाचा बाहेरचा पृष्ठभाग ५० चौरस सेंटिमीटर धरला आणि एका पॉलिशमध्ये सरासरी १० मायक्रॉन थर गेला असे मानले, तर पाऊण ग्रॅमहून थोडे अधिक सोने चाकाच्या धुळीत गेले. पूर्वी सोनाराच्या दुकानातला केर आणि राख विकत घेऊन, पाण्यात झारून त्यातले सोने काढणारे झारेकरी असत. त्यांचा चरितार्थ ज्या कणांवर चाले, ते कण आपल्याच दागिन्यांचे असत. शिवाय सोने पोलादापेक्षा मऊ असल्याने त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि पॉलिशचा मोह वारंवार होतो. सोन्याच्या शुद्धतेची जी मुद्रा कवचावर उठवलेली असते, तीही या घासण्यात पुसट होत जाते. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पर्यंत सोन्याच्या घड्याळांवर हेल्वेशिया देवीच्या मुखाची आणि त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मुखाची छाप उठवली जाऊ लागली. या छापा पुष्कळदा लगच्या मागच्या बाजूला असतात आणि त्या भिंगाखाली स्पष्ट दिसतात की नाही, यावरून जाणकार माणूस घड्याळ किती वेळा चाकावर चढले असेल याचा अंदाज बांधतो. आपल्याकडे जून २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा घड्याळांना त्यातून वगळण्यात आले. त्यामुळे जुन्या सोन्याच्या घड्याळावरची मूळ मुद्रा शाबूत राहणे याला आणखीच महत्त्व आहे.

पाठीवरचा मजकूर

वजन आणि किंमत यांच्या पलीकडचेही काही असते. आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांचे घड्याळ होते. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून ते त्यांना दिले होते. पोलादी पाठीवर देवनागरीत त्यांचे नाव, 'सप्रेम भेट' हे शब्द आणि १९६४ हे साल कोरलेले. ती अक्षरे कोणी कुशल कोरक्याने काढलेली नव्हती. एक वेलांटी जरा कलली होती आणि शेवटच्या शब्दाला जागा कमी पडल्याने तो दाटीवाटीने बसवला होता. नातवाच्या लग्नात ते त्याच्या हाती बांधावे, असे या गृहस्थांच्या मनात आले आणि त्यांनी घड्याळ जवळच्या दुकानात 'जरा नीट करून' द्यायला सांगितले.

आठवड्याने कारागिराने ते मखमलीच्या डबीत घालून पुढे केले. "काका, बघा, अगदी नवं करून दिलंय." तो खोटे बोलत नव्हता. त्याने आपल्या परीने मन लावून काम केले होते. काकांनी घड्याळ उलटे केले, खिडकीपाशी नेऊन तिरपे धरले. शिरोरेषेचा एक तुकडा आणि सालातला चारचा आकडा, एवढेच काय ते दिसत होते. नव्याने तीच अक्षरे कोरून देण्याची तयारी दुकानदाराने दाखवली. ती काकांनी नाकारली, आणि ते योग्यच केले असे आम्हांस वाटते. त्या कललेल्या वेलांटीला पर्याय नव्हता.

अशा मजकुराचे मोल बाजारालाही कळते. अमेरिकन अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना हे घड्याळ २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्क येथे फिलिप्स या लिलावसंस्थेने विकले, तेव्हा त्याला १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. त्याच्या पाठीवर त्यांच्या पत्नीने, गाडी जपून चालवण्याची विनवणी करणारे तीन शब्द कोरून घेतले होते. न्यूमन यांना मोटारींच्या शर्यतींचे वेड होते. त्या तीन शब्दांवरून कोणी उत्साहाने पॉलिशचे चाक फिरवले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

घड्याळाच्या पाठीचा विषय निघाला आहे, तर आपल्या देशाशी नाते असलेल्या एका घड्याळाचा उल्लेख करणे भाग आहे. १९३० च्या सुमारास सेझार द त्रे हे स्विस व्यापारी हिंदुस्थानात आले असता, पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले की खेळताना काठीचा तडाखा बसून घड्याळांच्या काचा फुटतात. त्यावर तोड म्हणून कवच चौकटीतल्या चौकटीत उलटे फिरवता येईल असे 'रिव्हर्सो' हे घड्याळ तयार झाले. ४ मार्च १९३१ रोजी त्याच्या पेटंटचा अर्ज पॅरिसमध्ये दाखल झाला. खेळताना काच आत वळवायची आणि पोलादी पाठ बाहेर ठेवायची, अशी ही युक्ती. मार झेलण्यासाठी योजलेली ती पाठ पुढे नावे, मानचिन्हे आणि आद्याक्षरे कोरण्याची जागा झाली. ज्या बाजूला ओरखडे पडणे गृहीतच होते, तीच बाजू मालकांना सर्वांत जिव्हाळ्याची वाटू लागली, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग नेमके किती वेळा?

पॉलिशचा प्रश्न यंत्राच्या देखभालीपासून वेगळा काढता येत नाही. कवचाला चाक लावायचे तर आतले यंत्र, तबकडी आणि काटे बाहेर काढावेच लागतात. यंत्र आत ठेवून वरवर चाक फिरवल्यास कंप आणि उष्णता यांचा त्रास यंत्राला होतो व घासणारे चूर्ण चावीच्या फटीतून आत शिरू शकते. म्हणून पॉलिश करावयाचेच असेल, तर ते यंत्राच्या पूर्ण सर्व्हिसिंगच्या वेळी. हे सर्व्हिसिंग रोलेक्स कंपनी साधारण १० वर्षांनी आणि ओमेगा कंपनी ५ ते ८ वर्षांनी सुचवते. ते वेळेवर करणे आवश्यक आहे, कारण आतले तेल सुकले की चाके एकमेकांना खाऊ लागतात. पॉलिश मात्र प्रत्येक सर्व्हिसिंगला करण्याची काहीच गरज नाही. रोज हातावर असणाऱ्या पोलादी घड्याळाला एकाआड एक सर्व्हिसिंगला, म्हणजे दहा-पंधरा वर्षांतून एकदा हलके पॉलिश पुरेसे होते. चाळीस वर्षांच्या वापरात तीन वेळा झाले तरी ते भरपूर मानावे. समारंभापुरत्या वापरल्या जाणाऱ्या घड्याळाला तेवढेही लागत नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. अनेक सेवा केंद्रांत पूर्ण सर्व्हिसिंगच्या दरातच पॉलिश धरलेले असते आणि ग्राहकाने काही सांगितले नाही तर ते केले जाते. फुकट मिळणारी गोष्ट सोडवत नाही, हा मनुष्यस्वभाव. परंतु घड्याळ देताना पावतीवर 'पॉलिश करू नये' किंवा 'केवळ पट्ट्याची कडी उजळावी' असे स्पष्ट लिहून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो वापरावा. लिहून घ्यावे, तोंडी सांगून भागत नाही. काउंटरवरची व्यक्ती आणि चाकावर बसलेली व्यक्ती क्वचितच एक असते.

कवच आणि धातूचा पट्टा यांत फरक करणे शहाणपणाचे आहे. पट्ट्याची कडी दिवसभर टेबलावर घासत असते, सर्वांत आधी तीच खराब दिसू लागते आणि ती बदलताही येते. रेघाळ पट्ट्यावरच्या रेघा नव्याने ओढणे हे फार कमी धातू नेणारे काम आहे. कवच मात्र घड्याळाचा देह. त्याला शक्यतो हात लावू नये. खोल पोचे पडलेच असतील, तर त्याच जातीचा धातू लेझर वेल्डिंगने त्या जागी भरून मग पृष्ठभाग जुळवण्याची सोय काही निवडक कार्यशाळांत असते. ती खर्चिक आहे, पण भोवतालचा धातू उतरवण्यापेक्षा बरी.

काही घड्याळांना चाकाचा स्पर्शही होता कामा नये. सोन्याचा मुलामा दिलेली घड्याळे यांत प्रथम येतात. जुन्या स्विस घड्याळांच्या पाठीवर १० किंवा २० मायक्रॉन असा आकडा आढळतो, ती मुलाम्याची जाडी. एकदोन पॉलिशमध्येच कडांवरचा मुलामा उडतो आणि खालचा धातू डोकावू लागतो. बंगळूरच्या एचएमटी कारखान्यात १९६१ पासून, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, घड्याळे तयार होऊ लागली, आणि त्यांतली सोनेरी मुलाम्याची घड्याळे आजही कितीतरी घरांत आहेत. ती श्रीमंती घड्याळे नव्हेत, हे खरे. परंतु एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याच्या निर्णयावर २०१६ साली सरकारने शिक्कामोर्तब केल्यापासून हौशी मंडळी ती शोधत फिरतात, आणि त्यांना हवे असते ते मूळ स्थितीतले घड्याळ. काळ्या किंवा रंगीत लेपाच्या घड्याळांचा लेपही चाकाने निघून जातो. सिरॅमिकवर ओरखडे सहसा पडतच नाहीत, आणि टायटॅनियम हे नेहमीच्या कारागिराच्या हातचे काम नव्हे. वाडवडिलांकडून आलेल्या घड्याळाबद्दल आमचे मत विचाराल तर ते असे : यंत्र दुरुस्त करावे, मळ काढावा, काच बदलावी लागल्यास बदलावी, पण कवच आणि तबकडी यांना हात लावू नये. जुन्या तबकडीवर नवा रंग चढवून आणि कवच चकचकीत करून विकलेली घड्याळे जाणकाराच्या नजरेत एका क्षणात उतरतात, आणि किंमतही त्याबरोबर उतरते.

मळ आणि झीज

पुष्कळदा जे 'निस्तेज झाले' असे वाटते, ते केवळ मळलेले असते. आपल्या हवेत घाम भरपूर. त्यात धूळ मिसळते आणि पट्ट्याच्या कड्यांमध्ये तिचा काळपट थर बसतो. हा थर नुसता कुरूप असतो असे नव्हे. धुळीतले वाळूचे कण पोलादापेक्षा कठीण असतात, आणि कडी हलेल तसे ते आतून धातू कुरतडतात. जुने पट्टे सैल पडून लोंबू लागतात त्याचे हे एक मोठे कारण. उपाय अगदी साधा आहे. घड्याळ जलरोधक असेल आणि चावी नीट बसवलेली असेल, तर कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ दात घासण्याचा ब्रश यांनी पट्टा हलक्या हाताने धुवावा आणि मऊ कापडाने टिपून कोरडा करावा. जलरोधाविषयी खात्री नसेल तर पट्टा सुटा करून घेऊन तेवढाच धुवावा. महिन्यातून एकदा एवढे केले तरी पॉलिशची आठवण वर्षानुवर्षे होत नाही. चामड्याच्या पट्ट्याला अर्थातच पाणी लावायचे नाही. कोरडे घड्याळ सदऱ्याच्या बाहीने खसाखसा पुसण्याची सवयही सोडावी, कारण वर बसलेली धूळ त्या वेळी पॉलिश कागदाचे काम करते.

घरगुती प्रयोगांबाबत एवढेच सांगता येईल की भांडी घासण्याची चूर्णे आणि दंतमंजने ही घड्याळाच्या कवचासाठी नव्हेत. एक अपवाद आहे तो प्लास्टिकच्या, म्हणजे अॅक्रिलिकच्या काचेचा. जुन्या घड्याळांना अशी काच सर्रास असे. १९६९ साली चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरलाही अशीच काच होती. तिच्यावरचे बारीक ओरखडे त्यासाठी मिळणाऱ्या लेपाने बोटावर कापड गुंडाळून पाच मिनिटांत निघतात. हल्लीच्या उंची घड्याळांची काच बहुधा कृत्रिम नीलमण्याची असते. ती इतकी कठीण असते की व्यवहारातल्या वस्तूंपैकी हिराच काय तो तिच्यावर ओरखडा काढू शकतो. म्हणूनच ज्या भगिनी एकाच हातात घड्याळ आणि हिऱ्यांच्या बांगड्या घालतात, त्यांनी दोहोंची फारकत केलेली बरी. पुरुषांच्या बाबतीत हीच गोष्ट पोलादी कड्याची. घड्याळाशेजारी दिवसभर खणखणणारे कडे वर्षभरात जेवढे ओरखडे काढते, तेवढे पॉलिशने घालवायचे म्हटले तर घड्याळाचे आयुष्य पुरायचे नाही.

लॉकरमध्ये आणि लॉकरबाहेर

घड्याळे लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एकाच थैलीत दोन घड्याळे, शेजारी पाटल्या आणि नाणी, असा संसार मांडला की मनगटावर पडले नसते इतके ओरखडे तेथे पडतात. प्रत्येक घड्याळ स्वतंत्र मऊ कापडात गुंडाळावे, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि बॅटरीवरचे घड्याळ बराच काळ बंद राहणार असेल तर बॅटरी काढून घ्यावी, कारण ती झिरपली की यंत्र खराब होते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार अशा प्रसंगी लॉकरबाबत बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत मर्यादित आहे आणि आतील वस्तूंचा विमा बँक उतरवत नाही. तेव्हा मौल्यवान घड्याळाचा विमा स्वतंत्रपणे घेणे इष्ट. त्यासाठी खरेदीचे बिल, हमीपत्र आणि छायाचित्रे लागतात. १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने १ टक्का कर गोळा करण्याची तरतूद झाली आहे. तो आपल्या नावे जमा होतो आणि विवरणपत्रात वजा मिळतो, म्हणूनही बिल जपावे.

हीच छायाचित्रे घड्याळ दुरुस्तीला देतानाही उपयोगी पडतात. समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी आणि चारही लगची जवळून, अशी छायाचित्रे तिरप्या उजेडात काढावीत, म्हणजे कडा आणि कोरलेली अक्षरे स्पष्ट उमटतात. कवचावरचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. परत घेताना ती छायाचित्रे मोबाइलवर उघडून कडा जुळतात का ते पाहावे, जेथे रेघा होत्या तेथे रेघाच आहेत ना याची खात्री करावी, चावी सहज फिरते का ते तपासावे आणि बदललेले जुने सुटे भाग मागून घ्यावेत. कवच उघडले गेले असल्याने रबरी वळी नवी बसवून पाण्याच्या दाबाची चाचणी झालेली असावी लागते, तिचा कागद मागावा. चाचणी झाली नसेल तर घड्याळाच्या पाठीवर काहीही लिहिलेले असले तरी ते घालून पोहायला उतरू नये. घरी आल्यावर पहिले आठ दिवस ठरावीक वेळी घड्याळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहावे आणि पडणारा फरक पावतीच्या मागे तारखेसह लिहून ठेवावा. हमीच्या मुदतीत तक्रार करण्याची वेळ आलीच, तर काउंटरवर पहिल्यांदा विचारतात तो हाच कागद.